शिबिर संपल्यावरच्या शनिवारचं काय?

प्रश्न :

ताई, नमस्कार. मी नागपूरची, वय २७. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले, आता एका खासगी कंपनीत नोकरी करते. गेल्या मे महिन्यात आम्ही चार मैत्रिणींनी घराजवळच्या दोन वस्त्यांतल्या पोट्ट्यांसाठी दहा दिवसांचं फुटबॉल शिबिर घेतलं. पहिल्या दिवशी ४० मुलं आली, त्यात १४ मुली. शेवटच्या दिवशी १७ उरली, मुली फक्त ३. तरी समारोप झाला, टी-शर्ट वाटले, प्रमाणपत्रं दिली, फोटोही छान आले. मग आम्ही आपापल्या कामाला लागलो. जुलैत त्यातला एक मुलगा माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहिला. "ताई, पुन्हा कधी?" मला उत्तर देता आलं नाही.

यंदा मित्रमंडळींनी ६०,००० रुपये जमवलेत. त्यांचं म्हणणं, १०० मुलांचं मोठं शिबिर करू, सगळ्यांना स्टड (तळाला खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट) आणि किट देऊ, मोठा पाहुणा बोलावू. आई म्हणते, "ज्यांच्या घरात खायची मारामार, त्यांना फुटबॉल कशाला? त्या पैशाचं धान्य वाट." मला दोन्ही पूर्ण पटत नाही. मोठं करू, की थांबवू?

— मैदानवेडी, नागपूर

उत्तर :

प्रिय मैदानवेडी,

थांबवू नकोस. आणि १०० मुलांचंही करू नकोस. ३० मुलं घे, दोन आठवडे शिबिर कर, आणि ६०,००० मधले निम्म्याहून जास्त पैसे शिबिर संपल्यानंतरच्या दहा महिन्यांसाठी वेगळे काढून ठेव. तुझ्या गेटवर आलेल्या मुलाने टी-शर्ट मागितला नाही, स्टड मागितले नाहीत. त्याने तारीख विचारली. यंदा पहिल्या दिवशीच ती तारीख सांगता आली पाहिजे, आणि सगळी आखणी तिथून उलटी करत यायची आहे.

आधी आईचं बोलू, कारण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते तुझ्या मित्रांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. उन्हाळ्याची सुट्टी तुझ्या-माझ्या घरी आंब्याची आणि मामाच्या गावाची असते. वस्तीतल्या मुलाच्या बाबतीत शाळा बंद झाली की शाळेतली खिचडीही बंद होते. दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला होता, यावरून सुट्टी आणि भूक यांचं नातं कळावं. त्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे इथल्या मुलाची सुट्टी लांब आणि ती पत्र्याच्या खोलीत, दुपारी ४५ अंशांच्या उन्हात काढायची. आई-वडील कामावर, आणि घरात आठ वर्षांचा मुलगा चार वर्षांच्या बहिणीला सांभाळतोय.

तेव्हा शिबिरात खाणं हवंच, आणि ते शेवटच्या दिवशीच्या अल्पोपाहारासारखं नको. रोज, आणि दोनदा. उपाशीपोटी आलेल्या मुलाला पळवू नये, म्हणून आल्या आल्या अर्धं केळं. सराव संपल्यावर भिजवलेले चणे आणि गूळ, किंवा शेंगदाण्याचा लाडू, सोबत मीठ घातलेलं ताक. अंडी द्यायची असतील तर घरोघर विचारून दे. हे काम आईकडे सोपव. तिला धान्य वाटायचं आहे ना, मग रात्री चणे भिजत घालायची जबाबदारी तिची. मात्र ती "फुटबॉल कशाला" म्हणते तिथे मी तिच्याशी सहमत नाही. गरिबाच्या मुलाला फक्त पोट असतं असं आपण नकळत धरून चालतो. त्याला खेळायचंही असतं, जिंकायचं असतं, कुणीतरी आपलं नाव घेऊन "मस्त पास!" असं ओरडावं असं वाटत असतं. धान्य हवं तिथे जरूर द्यावं, पण त्यासाठी त्याचं खेळणं काढून घ्यायची गरज नाही.

आता मुलींकडे येते, कारण तुझ्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा तो आहे. १४ मधल्या ११ मुली दहा दिवसांत गेल्या. का गेल्या, हे तू लिहिलेलं नाहीस. बहुधा विचारलंही गेलं नसेल. शिबिराची वेळ काय होती? सकाळी सहा ते आठ असणार, उन्हामुळे दुसरी वेळ कोण ठेवणार! आता त्या दोन्ही वस्त्यांत नळ किती वाजता येतो, ते पाहा. टँकर असेल तर तो किती वाजता येतो? उन्हाळ्यात पाण्यासाठी रांग लावायची ती दहा-बारा वर्षांच्या मुलीने. आई सातला धुण्याभांड्याच्या कामाला निघते, तिच्या आधी पाणी भरलेलं हवं, आणि ती गेल्यावर धाकट्याला बघायला घरात कुणी हवं. मुलगी पहिले दोन दिवस हौसेने येते, तिसऱ्या दिवशी घरात बोलणी खाते, चौथ्या दिवशी येत नाही. तिची आवड कमी झाली असा अर्थ आपण काढतो आणि मोकळे होतो.

म्हणून वेळ ठरवण्याआधी घरोघर जा. दोन रविवार दे. आईशी बोल, शक्य असेल तर आजीशीही, कारण पुष्कळ घरांत मुलीला बाहेर सोडायचं की नाही हे आजी ठरवते. नळाची वेळ विचार. धाकट्या भावंडाला मैदानावर घेऊन यायला परवानगी दे आणि झाडाखाली एक सतरंजी टाकून तिथे एक मैत्रीण बसव. चार खडू, दोन जुने चेंडू एवढं पुरे. तुमच्या चौघींपैकी एकीने शिबिराचे सगळे दिवस फक्त हेच केलं, तरी तिच्यामुळे पाच-सहा मुली टिकतील. मैदानाजवळ वापरण्याजोगं स्वच्छतागृह हवं, हे लिहायची खरं तर गरज पडू नये, पण शिबिरवाले ते विसरतात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी त्या एका कारणाने घरी बसते आणि कारण कधीच सांगत नाही. महानगरपालिकेची शाळा सुट्टीत रिकामी असते, तिथे नळ असतो, स्वच्छतागृह असतं, भिंत असते. मोठ्या ग्राउंडच्या मागे लागण्याआधी तिथल्या मुख्याध्यापकांना भेट. कपड्यांचाही आग्रह नको. सलवार-कुडत्यात खेळायचं असेल तर खेळू दे, लेगिंग घालायची असेल तर घालू दे. शॉर्ट्सचा विषय मुलगी स्वतः काढेल तेव्हा काढेल.

मुलं का गळाली त्याची कारणं वेगळी असतात. मे म्हणजे लग्नसराई. बारा-चौदा वर्षांचे पोट्टे केटरिंगवाल्याबरोबर ताटं उचलायला जातात, कुणी रसवंतीवर बसतो. छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाड्याकडची कुटुंबं सुट्टी लागली की गावी जातात. या मुलांनी तुझं शिबिर सोडलं असं मनाला लावून घेऊ नकोस, आणि हजेरीसाठी त्यांना बोलूही नकोस. चौदा वर्षांखालचा मुलगा रोजच्या रोज कामाला जुंपलेला दिसला तर घरी जाऊन आई-वडिलांशी शांतपणे बोल, शाळा सुटलीय का ते बघ. आणि जे गावी जातात ते जूनअखेर परत येतात. ते परत आल्यावर मैदानावर कुणी असेल का, हा प्रश्न उरतोच.

तू नागपूरची आहेस, आणि या कामाची देशातली एक महत्त्वाची सुरुवात तुझ्याच शहरात झाली. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ साली पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली, त्यांना खरा चेंडू दिला, आणि त्यातून पुढे 'स्लम सॉकर' उभी राहिली. बेघर आणि वंचितांसाठी २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झालेल्या होमलेस वर्ल्ड कपला भारताचा संघ हीच संस्था पाठवत आली. २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड तिला मिळाला. मला यात पुरस्कारापेक्षा मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे वस्तीत खेळून मोठी झालेली मुलं तिथे प्रशिक्षक होतात. तुझं शिबिर आखण्याआधी त्यांच्याकडे जाऊन ये. त्यांचं सत्र बघ, त्यांच्या प्रशिक्षकांपैकी कुणी पहिले तीन दिवस तुमच्याबरोबर उभं राहील का ते विचार. तू चांगली खेळलीस म्हणून तुला मुलांना शिकवता येईलच असं नाही. हे दोन वेगळे गुण आहेत. पुढे जमलं तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्सचा कोर्स कर.

होमलेस वर्ल्ड कपवरून जागेचा प्रश्नही सुटतो. तिथे मैदान असतं २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका संघात चार जण, सात-सात मिनिटांचे दोन डाव. शाळेच्या पटांगणात अशी दोन मैदानं सहज बसतात. अकरा-अकराचा सामना लावशील तर जोरदार चार मुलं खेळतील आणि बाकीची कडेला उभी राहून नखं खातील. चार-चारच्या खेळात लाजऱ्यातल्या लाजऱ्या मुलीच्या पायाशी चेंडू आल्याशिवाय राहत नाही. चेंडू दोन मुलांमागे एक हवा, आणि वयाप्रमाणे हवा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा, त्यावरच्यांना पाच नंबरचा. सात-आठ वर्षांच्यांसाठी तीन नंबरचे दोन-तीन ठेव. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, लहान मुलांना शिकवू नकोस. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं. डोक्याशी खेळ नको.

मुलं-मुली एकत्र खेळवायची की वेगळी, हा पेच तुला पडेलच. त्यावर कोलंबियातला एक अनुभव सांगते. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये आंद्रेस एस्कोबार या बचावपटूकडून स्वयंगोल झाला, आणि मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच हिंसेने पोखरलेल्या मेडेलिनमध्ये युर्गेन ग्रीसबेक या जर्मन माणसाने टोळ्यांतल्या पोरांना घेऊन रस्त्यावरचा फुटबॉल सुरू केला. पंच नाही. संघात मुली हव्यातच. आणि संघाचा पहिला गोल मुलीने करायचा, त्याशिवाय मुलांचे गोल धरले जायचे नाहीत. विचार कर, ज्या पोराने आयुष्यात कधी मुलीला पास दिला नसता, तो आता तिला चेंडू मिळावा म्हणून धडपडतोय, तिला नीट जागा कशी घ्यायची ते सांगतोय. यातूनच पुढे 'फुटबॉल थ्री' नावाची पद्धत जगभर गेली. सामन्याचे तीन भाग : आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून बोलतात की ठरलेलं पाळलं का, आणि त्यालाही गुण असतात. तिसरा भाग टाळू नकोस. पहिले चार दिवस मुलं काहीच बोलणार नाहीत, नुसती हसतील. पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणेल, "त्याने शिवी दिली," आणि तिथून खरं बोलणं सुरू होईल.

बाहेरच्या सगळ्याच कल्पना जशाच्या तशा उचलायच्या नाहीत, हेही सांगून ठेवते. केनियात नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत १९८७ पासून मुलांची मोठी फुटबॉल संघटना चालते, आणि ती वर्षभर चालते म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे. तिथे सामना जिंकला की ३ गुण, आणि संघाने वस्तीची सफाई केली की ६ गुण. तिथे ते फार यशस्वी झालं. पण तुझ्या मित्रांपैकी कुणी हे वाचून आलं आणि "आपणही स्वच्छता मोहीम घेऊ" म्हणालं, तर ठाम नाही म्हण. आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे जातीने ठरवत आणलं आहे, आणि वस्तीतल्या मुलांच्या आजी-आजोबांनी ते भोगलंय. रांचीजवळ ओरमांझीत २००९ पासून 'युवा' संस्थेच्या मुली फुटबॉल खेळतात. २०१३ साली स्पेनच्या स्पर्धेला जायचं म्हणून त्या जन्माचे दाखले मागायला गेल्या, तर आपल्याला तिथे झाडू मारायला लावलं, असं त्या मुलींनी तेव्हा सांगितलं होतं. पुढे त्यांनी स्पेनमध्ये गास्तेइझ चषकात तिसरा क्रमांक मिळवला. तेव्हा खेळायला आलेल्या मुलाच्या हातात फुटबॉलच्या बदल्यात झाडू देऊ नकोस. गुण द्यायचेच तर धाकट्याला शिकवल्याचे दे, वेळेवर आल्याचे दे, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवल्याचे दे.

उन्हाबद्दल मी कडक आहे. परीक्षा आटोपल्या की लगेच सुरू कर आणि मेच्या मध्याच्या आत संपव. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, जवळपासही जाऊ नकोस. मुलींच्या नळामुळे सकाळ जमत नसेल तर दोन तुकड्या कर, एक सकाळी पावणेसहा ते सव्वासात, दुसरी संध्याकाळी सहानंतर. आठनंतर सकाळी एकही मूल मैदानात नको. दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसची पाकिटं ठेव. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एखादं मूल उलटी करायला लागलं, बरळायला लागलं, अंग तापलंय आणि घाम थांबलाय असं दिसलं, तर सावलीत ने, अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि १०८ ला फोन लाव. खिशातल्या कांद्यावर विसंबू नकोस.

दुसरा कडक नियम : कुठलाही मोठा माणूस, कितीही ओळखीचा असो, मुलाबरोबर एकटा राहणार नाही. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसं, त्यांत एक बाई. मुलांना गाडीवर बसवून सोडायला जाणं, घरी बोलावणं, खासगी मेसेज करणं बंद. शिबिराला मदतीला येणारा प्रत्येक मित्र कोण आहे, त्याला कोण ओळखतं, हे बघूनच घे. मुलाने काही सांगितलं तर ते दाबायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांकडूनही पाठ करून घे.

आता पैसे. मित्रांना स्टड वाटायचेत, त्यांच्या भावना मी समजू शकते, पण स्टड मुलाला वर्षभरात लहान होतात आणि पुष्कळदा महिन्याभरात घरातल्या अडचणीपायी विकले जातात. त्यात मुलाचा दोष नाही. पटांगणावर स्टड लागतही नाहीत. वेगवेगळ्या मापांचे २५ जोड कॅनव्हासचे बूट घे, ते शिबिराच्या पेटीत राहतील, आलं की घालायचे, जाताना काढून ठेवायचे. माझा अंदाज असा : साध्या सरावाचे १५ चेंडू साधारण ९,०००, बिब (संघ ओळखायला अंगावर घालायचे रंगीत जाकीट), कोन आणि पंप ३,०००, बूट ९,००० च्या आसपास, दोन आठवड्यांचं खाणं ५,५०० ते ६,०००. म्हणजे २७,००० मध्ये शिबिर होतं, आणि चेंडू-बूट पुढेही राहतात. उरलेल्यांतले महिन्याला १,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे १५,००० एका मुलाला किंवा मुलीला मानधन द्यायचे. त्याच वस्तीतलं कुणीतरी, अठरा-एकोणीस वर्षांचं, खेळात बरं आणि पोरांनी ऐकावं असं. मुलगी मिळाली तर फारच उत्तम. दर रविवारच्या केळी-चण्यांना वर्षभरात १२,००० लागतील. राहिलेले सहा हजार औषधाला, पट्टीला आणि एखाद्या स्पर्धेला जायच्या बसभाड्याला. १०० मुलांच्या समारंभात हे ६०,००० एका संध्याकाळी संपले असते.

वर्षभर करायचं काय, तर फार मोठं काही नाही. नवतप्यात मैदान बंद ठेव, पण आठवड्यातून एकदा संध्याकाळी बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात सगळ्यांना जमव. एखादा सामना मोबाइल-प्रोजेक्टरवर दाखव, ऑफसाइड खडूने जमिनीवर काढून समजाव. पहिला पाऊस पडला की खरा मोसम सुरू, चिखलात खेळायला मुलांना बोलवावं लागत नाही. मग दर शनिवारी-रविवारी दीड तास. तुम्ही चौघी आहात. महिन्यातून दोनच शनिवार-रविवार एकीच्या वाट्याला येतात, तेही जोडीने. एवढं झेपणार नसेल तर आत्ताच मला आणि स्वतःला खरं सांग आणि फक्त रविवार ठेव. कमी ठेव, पण पाळ. या मुलांना येतो म्हणून न आलेली माणसं पुष्कळ भेटलेली असतात.

पावसाळ्यात आणखी एक काम हाती घे, ते मैदानाबाहेरचं आहे. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आहे का ते बघ. वयोगटाच्या कुठल्याही स्पर्धेत त्यावाचून नाव लागत नाही. १९६० पासून चालणाऱ्या सुब्रोतो कपसारख्या शालेय स्पर्धेत उतरायचं तर शाळेत नाव हवं, वयाचा पुरावा हवा. गुणी मूल कागदापायी घरी राहतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तुमच्यातली एखादी अर्ज भरण्यात, कचेरीत रांग लावण्यात चिवट असेल तर तिला खेळातलं काही येत नसलं तरी चालेल, तिच्याकडे हे दे. आणि यातून राष्ट्रीय खेळाडू घडेल असं कुणालाही सांगू नकोस, देणगीदारांना तर नाहीच. तीस मुलांतला एखादा पुढे गेला तर आनंदच आहे. बाकीच्या एकोणतीस जणांनी खेळायला यायला त्याची अट नको.

पाहुणा बोलवायचाच असेल तर त्याला समारोपाला नको, मधल्या एखाद्या मंगळवारी बोलव आणि बूट घालून खेळायला सांग. भाषण नको. फोटो पालकांना विचारून काढ, मुलाच्या नावासकट आणि वस्तीच्या नावासकट कुठे टाकू नकोस, आणि 'गरीब मुलांच्या चेहऱ्यावर हसू फुलवलं' अशा ओळी तर कृपा करून नकोत. ते मूल उद्या मोठं होऊन हे वाचणार आहे. मित्रांनी पैसे दिलेत, त्यांना हिशोब दर तीन महिन्यांनी पाठव. किती चेंडू उरले, किती मुली अजून येतात, कुणाचा दाखला झाला. ज्याला खरंच मदत करायचीय त्याला हे वाचायला फोटोपेक्षा जास्त आवडेल. ज्याला आवडणार नाही त्याच्या पैशांवाचून तुझं अडणार नाही.

परीक्षा संपायच्या आत मुख्याध्यापकांना भेट, नंतर शाळेत कुणी सापडत नाही. अर्ज महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाच्या नावे लिही, आणि त्यात शिबिराचे पंधरा दिवस न मागता वर्षभरातले सगळे शनिवार-रविवार माग, वेळेसकट. एवढ्या मोठ्या मुदतीला ते बिचकले तर तीन महिन्यांची परवानगी घे आणि पुढच्या अर्जाची तारीख त्याच दिवशी चौघींच्या मोबाइलमध्ये टाकून ठेव.

तुझी,
ताई